जड कोपरा

१

खर्ड्याच्या बाजारपेठेतल्या त्या दोन गाळ्यांत गेले कित्येक दिवस लग्नघरासारखी धांदल चालू होती. गावातल्या बायकांनी शिवलेल्या गोधड्या ऑनलाइन विकायच्या, असं मैत्रेयीने मनावर घेतलं होतं. पण गोधडी शिवणं परवडलं, ती वेबसाइटवर चढवणं नको, अशी सगळ्यांची गत झाली होती. प्रत्येक गोधडीचे सहा फोटो, लांबी, रुंदी, वजन, रंग, आतलं भरण, धुण्याची रीत आणि वर दोन ओळींचं वर्णन. बायका रंग सांगायच्या आमसुली, मोरपंखी, डाळिंबी; वेबसाइटला कळायचे फक्त लाल, निळा आणि हिरवा. ही वर्णनं जरा धड मराठीत लिहायला म्हणून मैत्रेयीने आपल्या मामाला, शामकांतरावांना, नगरहून बोलावून घेतलं होतं.

शामकांतरावांचा जन्म विमा कंपनीच्या सर्व्हेत गेला होता. आग लागली की लावली, माल भिजला की भिजवला, हे हुडकून काढण्यात त्यांचा हात धरणारा जिल्ह्यात दुसरा नव्हता. त्यांचा एकच दंडक होता. अहवाल पुरा झाल्याशिवाय तोंडातून शब्द काढायचा नाही. अर्धवट बोलणारा सर्व्हेअर आणि अर्धा भाजलेला पापड, दोन्ही कुणाच्या कामाचे नाहीत, असं ते म्हणत. निवृत्त होऊनही ही सवय सुटली नव्हती, आणि त्यांना तिचा थोडा अभिमानही होता.

सोमवारी सकाळी दुकानाला पहिली ऑर्डर आली. बंगळूरच्या एका बाईंनी नऊ नंबरची गोधडी घेतली होती. नऊ नंबर म्हणजे जुन्या गोधड्यांपैकी, बायकांनी घरातून आणून दिलेल्या. टेम्पो चालवणारा आणि पुडकी बांधणारा कल्याण कपाटातून ती काढून घेऊन आला, मैत्रेयीने भरण्याआधी लॅपटॉपवरचा फोटो समोर धरला, आणि तिचा चेहरा उतरला.

फोटोतली गोधडी हिरव्या लुगड्याची, विटलेली, लाल काठांची होती. हातातली डाळिंबी रंगाची, कडेने त्रिकोणांची नक्षी असलेली, अंगाला न लागलेली कोरी होती. तिला कडुनिंबाच्या पाल्याचा वास येत होता. चिठ्ठी मात्र नऊ नंबरचीच होती.

शामकांतरावांनी चष्मा लावला. शेजारच्या आठ आणि दहा नंबरच्या गोधड्या त्यांनी कपाटातून मागवून घेतल्या. त्यांच्या चिठ्ठ्या प्लास्टिकच्या बारीक दोरीत लोंबत होत्या. ही दोरी अडकवायला पिस्तुलासारखी एक बंदूक असते, ती फोटो आणि वेबसाइटचं काम बघणाऱ्या हुमेराच्या खणात असे आणि तिच्याशिवाय कुणाला चालवता येत नसे. डाळिंबी गोधडीची चिठ्ठी मात्र पांढऱ्या सुती दोऱ्याने शिवलेली होती, आणि टाके बारीक, एकसारखे होते.

"काही कळलं का मामा?" मैत्रेयीने विचारलं.

त्यांना बरंच कळलं होतं. पण त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि म्हणाले, "बघू."

२

कपाटाची किल्ली दारामागच्या कॅलेंडरखाली खिळ्याला असे, हे गाळ्यात येणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं. पण कपाटाची जबाबदारी हुमेराची. फोटो तिनेच काढलेले, मापं तिनेच घेतलेली, वेबसाइटवर सगळी माहिती तिनेच भरलेली. जामखेडच्या कॉलेजातून शिकून आलेली ही मुलगी नसती तर मैत्रेयीचं दुकान कागदावरच राहिलं असतं. आणि रविवारी, सुट्टीच्या दिवशी, ती एकटीच येऊन गेली होती.

हे सांगितलं मैत्रेयीच्या नवऱ्याने, सुहासने. त्याने तिला जाताना पाहिलं होतं, खांद्याला भली मोठी पिशवी घेऊन. सुहासला हा ऑनलाइनचा खटाटोप पहिल्यापासून पसंत नव्हता. जुन्या गोधड्या पुण्याच्या व्यापाऱ्याला एकदम देऊन टाकाव्यात, असं त्याचं मत होतं, आणि मत ऐकलं नाही की तो फुरंगटून बसे. शामकांतरावांनी त्याला गमतीने त्याच्याच शर्टाचं तुटलेलं बटण दाखवलं, तर म्हणाला, मैत्रेयीला वेळ होईल तेव्हा लावेल, मला सुईत दोरा ओवता येत नाही. शामकांतरावांनी मनातल्या मनात त्याच्या नावावर काट मारली.

कल्याणला गाठायला ते एसटी स्टँडजवळ गेले. तो रविवारी टेम्पो घेऊन जामखेडला गेला होता हे खरं, पण कांदा घेऊन; आणि त्याची बोटं बघितली की ती बारीक टाके घालतील यावर कुणी विश्वास ठेवला नसता. तो आपला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत राहिला.

"मामा, चोर कुटं चांगली वस्तू ठिवून जुनी नेतो का? डाळिंबी गोधडी लई भारी हाय. माज्या आईनं तसली एकच शिवली, माज्या भैनीच्या लग्नात."

हे बाकी लाख मोलाचं बोलला. चोराने नुकसान केलंच नव्हतं, उलट भर घातली होती. कोरी गोधडी, कडुनिंबाच्या पाल्यात ठेवलेली, म्हणजे कुणाच्या तरी ट्रंकेतली, माहेरहून आलेली, जन्मात कधी न वापरलेली. अशी वस्तू देऊन विटलेलं लुगडं न्यायचं, म्हणजे त्या लुगड्याची किंमत बाजारात होणारी नव्हती. शामकांतराव मनाशी एकेक दुवा जोडत, रमतगमत परत निघाले. वाटेत त्यांनी चहासुद्धा घेतला. त्या चहाची त्यांना पुढे फार चुटपुट लागून राहिली.

कारण गाळ्यात पाऊल टाकलं तेव्हा सगळ्या बायका भिंतीला लागून उभ्या होत्या. मधल्या टेबलावर हुमेराची पिशवी पालथी केलेली होती. डबा, ओढणी, कंगवा, औषधाची पट्टी आणि फोटोंच्या मागे टांगायची पांढरी चादर, रविवारी धुवायला नेलेली आणि आज घडी करून आणलेली. हुमेरा एकेक वस्तू परत पिशवीत भरत होती.

३

सुहासने पिशवी उघडायला लावली होती. मैत्रेयी बंगळूरच्या बाईंना फोन करायला बाहेर गेली होती, तेवढ्यात. पिशवीत काही निघालं नाही तेव्हा तो ओशाळला, पण माफी मागण्याऐवजी म्हणाला की मोठी वस्तू कोण पिशवीत ठेवून फिरतं. हुमेराने किल्ली कॅलेंडरखाली अडकवली, सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि निघून गेली. बायकांत सगळ्यांत वडीलधाऱ्या रंगुबाई तेवढ्या मान खाली घालून टाके घालत बसल्या होत्या.

खर्ड्यासारख्या गावात अशी गोष्ट संध्याकाळपर्यंत वेशीबाहेर जाते. पोरगी शिकलेली आहे, बोलायला गोड आहे, पण हाताची जरा तशीच, एवढं एक वाक्य पुरतं, आणि मग ते पुसायला जन्म जातो. चोर सोडून संन्याशाला सुळी ते यालाच म्हणतात. मैत्रेयी रडकुंडीला आली. तिला ऑर्डरची फिकीर नव्हती असं नाही. बुधवारी कुरियर येणार होतं आणि पहिलीच ऑर्डर बुडाली तर दुकानाचं नाव वेबसाइटच्या तळाला गेलं असतं. पण ती पुन्हा पुन्हा हुमेराचंच बोलत होती.

"तिने घेतली नाही," शामकांतराव म्हणाले. "पण कुणी घेतली ते कळल्याशिवाय नुसतं बोलून उपयोग नाही. मला फोटो दाखव."

नऊ नंबरचे सहा फोटो होते. पूर्ण गोधडी, घडी घातलेली, काठ, टाके, मागची बाजू. पाचवा फोटो वेगळा होता. जुन्या गोधडीत आत काय भरलंय ते दाखवा, असा वेबसाइटचा आग्रह होता. म्हणून हुमेरा प्रत्येक जुन्या गोधडीचा एक कोपरा चार बोटं उसवून, मोबाईलचा उजेड पाडून आतला फोटो घेत असे, आणि धनश्री तो कोपरा लगेच शिवून टाकत असे. ही धनश्री सगळ्यांत तरुण, घाईने काम करणारी. ती आत बघत नसे, टाक्याकडे बघत असे.

फोटो मोठा केल्यावर लुगड्यांच्या थरांत एक वेगळाच तुकडा दिसला. खणाचा, हिरवा, कडेला जरीची बारीक किनार, आणि त्याला एक बंद. नेसायच्या कापडाला असा बंद असत नाही. शामकांतरावांनी धनश्रीला बोलावलं. तिने बघितलं आणि क्षणभर तिच्याही लक्षात आलं नाही. मग ती हळूच म्हणाली, "ही तर कुंची हाय. बारक्या लेकराची."

तान्ह्या बाळाच्या डोक्यावरून पाठीवर सोडायची ती कुंची गोधडीच्या पोटात कशाला गेली, हे कुणालाच सांगता येईना. शामकांतरावांनी विचारलं, हे फोटो अजून कुणी पाहिले होते. धनश्री म्हणाली, सगळ्यांनीच की. शनिवारी दुपारी हुमेराने ते मोठ्या टीव्हीवर लावले होते. आपापली गोधडी टीव्हीत बघून बायका खिदळत होत्या. चहा आला होता. रंगुबाईंनी तेवढा घेतला नाही, डोकं दुखतंय म्हणाल्या. मग सगळ्या गेल्यावर गाळा मीच बंद करते म्हणून त्या मागे थांबल्या.

शामकांतरावांनी शेवटचा प्रश्न विचारला. "नऊ नंबरची गोधडी आणली कुणी होती?"

मैत्रेयी आणि धनश्रीने एकमेकींकडे पाहिलं. "रंगुबाईंनीच," मैत्रेयी म्हणाली. "सगळ्यांत आधी. त्यांनी दिली म्हणून बाकीच्यांनी दिल्या."

४

आपलीच गोधडी माणूस चोरेल कशाला, मागून घेईल की, असं मैत्रेयी रंगुबाईंच्या घरी जाताना वाटभर म्हणत होती. त्याचं उत्तर धनश्रीने निघताना दिलं होतं. महिन्यापूर्वी तिने आईची गोधडी दिली होती आणि दोनच दिवसांनी परत मागितली होती. तेव्हा रंगुबाईंनी भर बैठकीत तिला झापलं होतं. दिलं ते दिलं. आज तू मागशील, उद्या ती मागंल, मग धंदा करायचा का पोरखेळ. धनश्री रडली होती आणि गप्प बसली होती. आता रंगुबाई कोणत्या तोंडाने मागणार होत्या?

रंगुबाईंचं घर किल्ल्याच्या मागच्या अंगाला, दोन खोल्यांचं. त्या दारातच बसल्या होत्या, जणू वाटच बघत होत्या. शामकांतरावांनी चोरीचा शब्द काढला नाही. त्यांनी एवढंच विचारलं, की डाळिंबी गोधडी माहेरची का?

"व्हय," रंगुबाई म्हणाल्या. "माज्या आयीची. शनवारी समद्या गेल्यावर घरनं आनून ठिवली. म्हनलं त्या बाईला वाईट नको जायला."

त्या आत गेल्या आणि हिरवी गोधडी घेऊन आल्या. मांडीवर ठेवून बसल्या. मग न विचारता बोलायला लागल्या.

त्यांना पहिली मुलगी झाली होती. पाच-सहा महिन्यांची असताना तापाने गेली. दुसऱ्या दिवशी रंगुबाईंनी सासूकडे तिची कुंची मागितली, उशाशी ठेवायला. सासू म्हणाली, समदं ओढ्याला सोडलं, त्यात जीव अडकवू नगं. त्या दिवसापासून रंगुबाईंनी सासूशी बोलणं टाकलं. चुलीवर दोघी बसायच्या, भाकरी थापायच्या, पण शब्द नाही. त्याच वर्षी थंडीच्या तोंडावर म्हातारीने आपल्या लुगड्यांची एक गोधडी शिवली आणि गुपचूप सुनेच्या अंथरुणावर टाकून दिली. पुढे मुलगे झाले, मोठे झाले, पुण्याला गेले. म्हातारी आजारी पडली, रंगुबाईंनी तिचं सगळं केलं, हागणंमुतणं काढलं, पण बोलल्या नाहीत. म्हातारीही काही न सांगता गेली.

"माज्या अंगावरच हुती ती," रंगुबाई म्हणाल्या. "समद्या गावाला ईचारत फिरले असते, तरी मला कळलं नसतं. ह्यो एक कोपरा जड लागायचा. गळ्याशी टोचायचा. म्हनून मी त्यो कायम पायाकडं घ्यायची, भाऊ. पायाकडं."

मैत्रेयीला हुंदका आवरला नाही. शामकांतरावांनी जन्मभर खोटे दावे पाहिले होते. खरं नुकसान समोर येऊन बसलं की काय करायचं, हे त्यांना कंपनीने शिकवलं नव्हतं. गोधडीचा कोपरा अजून शिवलेलाच होता. रंगुबाईंनी तो उसवला नव्हता. म्हातारीच्या हातचे टाके आधीच एकदा उसवले, म्हणाल्या, आता मी न्हाई उसवनार.

मग शामकांतरावांनी हुमेराचं नाव काढलं.

रंगुबाईंनी डोळे मिटले. "तिची पिशवी उघडली तवा मी तितंच हुते," त्या म्हणाल्या. "तोंड उघडत हुते, पर उघडलं न्हाई. म्हातारीला जलमभर शिव्या दिल्या, गप ऱ्हायली म्हनून. आन मी काय केलं?"

५

मंगळवारी सकाळी रंगुबाई गाळ्यात आल्या, त्या बसल्या नाहीत. सगळ्या बायका जमेपर्यंत उभ्या राहिल्या आणि जे झालं ते चार वाक्यांत सांगून मोकळ्या झाल्या. कुंचीचंही सांगितलं. त्यांच्या वयाच्या दोघीतिघींना ती मुलगी आठवत होती. त्यांनी पदराने डोळे पुसले. सुहास दाराशी उभा होता. तो न बोलता बाहेर जाऊन टेम्पोपाशी थांबला, आणि दिवसभर तिथेच काहीबाही काम काढत राहिला.

मग रंगुबाईंनी कपाट उघडलं, धनश्रीच्या आईची गोधडी काढली आणि तिच्या हातात दिली. "माजं चुकलं, पोरी," एवढंच म्हणाल्या. धनश्रीने ती छातीशी धरली.

मैत्रेयीने ऑर्डर रद्द केली. बंगळूरच्या बाईंना तिने सगळं खरं लिहून कळवलं, पण त्यांना बहुधा ते बहाणे वाटले असावेत, कारण त्यांनी दुकानाला एकच तारा दिला आणि खाली लिहिलं, वस्तू नसेल तर दाखवू नका. वर्णन लिहिताना शामकांतरावांनी त्या गोधडीखाली मोठ्या हौसेने लिहिलं होतं, पिढ्यान्‌पिढ्यांची ऊब. ते त्यांनी स्वतःच्या हाताने पुसलं. उरलेल्या जुन्या गोधड्याही त्या दिवशी वेबसाइटवरून उतरवल्या, आणि ज्यांच्या त्यांनी घरी न्याव्यात असं ठरलं. काहीजणींनी नेल्या, काहीजणी म्हणाल्या राहू द्या.

डाळिंबी गोधडी रंगुबाईंना परत द्यायची म्हणून शामकांतरावांनी चिठ्ठीचे टाके कात्रीने कापले. फार सुबक टाके होते ते. सोमवारी सकाळी त्यांनी हेच टाके बघितले होते आणि तेव्हाच त्यांना कळलं होतं, की हे हुमेराचं काम नाही. तिने बंदूक चालवली असती, एका झटक्यात. सुई घेऊन बसली ती गोधडी शिवणारी बाई होती. एवढं वाक्य त्यांनी तेव्हा मैत्रेयीला सांगितलं असतं, मोठ्याने, सुहाससमोर, तर काय बिघडलं असतं? अहवाल अर्धवट राहिला असता, एवढंच. त्यांनी कात्री खाली ठेवली आणि रंगुबाईंना म्हणाले, चला, हुमेराकडे जाऊन येऊ.

६

हुमेराचे वडील नियाजभाई विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींची वायंडिंग भरून द्यायचं दुकान चालवत. ते घरी नव्हते. तिच्या आईने, सरवरीबींनी, पाहुण्यांना बसायला दिलं आणि चहा ठेवला. त्यांच्या कानावर काय काय गेलं असेल, याचा शामकांतरावांना अंदाज होता.

रंगुबाई हुमेराच्या समोर खाली बसल्या, खुर्चीवर बसल्या नाहीत. माफी मागताना त्यांचा आवाज फुटला. हुमेराने त्यांचे हात धरले आणि त्यांना उठवून शेजारी बसवलं. तिला फोटोचं कळलं तेव्हा ती म्हणाली, "मी तो कोपरा उसवला तेव्हा मला वाटलं, काय सुंदर काठ आहे. म्हणून जवळून घेतला. रंगूमावशी, तुम्हाला मी त्याचा मोठा फोटो करून देते."

रंगुबाईंना तिथे थांबवेना. त्या पदर तोंडाला लावून निघाल्या, सरवरीबी त्यांना वळणापर्यंत सोडायला गेल्या. खोलीत शामकांतराव आणि हुमेरा राहिले.

शामकांतराव म्हणाले, मैत्रेयी तुझी वाट बघते आहे, उद्यापासून ये. हुमेरा नको म्हणाली. पण रागाने नव्हे. जामखेडला एका दुकानात असंच फोटोचं आणि माहिती भरायचं काम आहे, तिथे जाईन. बंदूक कशी चालवायची ते धनश्रीला एकदा येऊन दाखवते, फोटोंची सगळी जुळणीही समजावून देते. काम अडायला नको.

"अगं, पण आता सगळ्यांना कळलंय. तुझ्यावर कुणाचाच संशय नाही," शामकांतराव म्हणाले.

"हो, कळलं मला," ती म्हणाली. "मामा, तुम्हाला कधी कळलं? मी नाही ते?"

खोटं बोलणं अवघड नव्हतं. आज सकाळी, किंवा काल रंगुबाईंच्या घरी, असं म्हणता आलं असतं, आणि पोरीने विश्वासही ठेवला असता. पण जन्मभर लोकांच्या खोट्या तारखा पकडणाऱ्या माणसाच्या तोंडातून खोटी तारीख निघेना.

"सोमवारी सकाळी," ते म्हणाले. "चिठ्ठी बघितली तेव्हाच."

हुमेराने मनाशी काहीतरी जुळवलं. तिचा चेहरा कठोर झाला नाही, नुसता थकल्यासारखा झाला.

"म्हणजे माझी पिशवी उघडली, त्याच्या आधी."

"हो."

त्यांनी अहवालाचं, पुराव्याचं, अर्धवट न बोलण्याचं काहीतरी सांगायला सुरुवात केली. इतकी वर्षं तोंडपाठ असलेली ती वाक्यं त्यांना आज पूर्ण जमेनात. हुमेरा शांतपणे ऐकत होती, मोठ्या माणसाचं ऐकावं तशी. मग ती उठली, रंगुबाईंचा रिकामा कप उचलला, त्यांच्याही कपाकडे हात नेला. त्यात चहा तसाच होता, वर साय धरलेला. तो तिने तिथेच राहू दिला आणि आत निघून गेली.